सोनवणे सरांचा गृहपाठ

शोकसभेत बोलायचं असलं की आमच्या शाळेत माझंच नाव पुढे येतं. पंचवीस वर्षं मराठी शिकवतोय, आवाज बरा आहे, 'पोकळी' हा शब्द योग्य जागी टाकता येतो आणि गेलेल्या माणसाची फारशी ओळख नसली तरी दहा मिनिटं मी सहज काढतो. डिसेंबरात धुळ्याहून सोनवणे सर गेल्याची बातमी आली, तेव्हाही मुख्याध्यापकांनी आधी माझ्याकडेच पाहिलं. मी बारा मिनिटं बोललो. 'ज्ञानतपस्वी' म्हणालो, 'निःस्पृह' म्हणालो, पोकळी निर्माण केली आणि खाली बसलो. शेजारच्या बाई म्हणाल्या, "छान बोललात."

घरी येताना, सावद्याच्या रस्त्यावर केळीच्या ट्रकमागे अडकलो असताना लक्षात आलं, की त्या बारा मिनिटांत सोनवणे सर एकदाही आले नव्हते. जे बोललो ते कुणाच्याही फोटोपुढे चाललं असतं. खरं सांगण्यासारखं होतं ते माइकवर सांगायची माझी हिंमत नव्हती, कारण त्यात मी फार वाईट दिसतो. ते इथे सांगतो.

सर मूळचे धुळ्याकडचे. संस्थेनं बदली केली म्हणून नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत आमच्या शाळेत आले. उंच, जरा वाकलेले, पांढरा बुशशर्ट, आणि वरच्या खिशात पेनाशेजारी कापसाचं एक वाळलेलं बोंड. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये आम्ही सगळ्यांनी ओळख करून दिली, म्हणजे आपापल्या डिग्र्या सांगितल्या. सरांची पाळी आली तेव्हा ते उभे राहिले. म्हणाले, "हिलाल दौलत सोनवणे. वडील दौलत चैत्राम सोनवणे. ते सालदार होते. मी इतिहास शिकवतो."

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर एकाच शेतकऱ्याकडे राबणारा गडी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याचं साल संपतं आणि त्याच दिवशी पुढचं ठरतं. आमच्यापैकी निम्म्यांच्या घरी सालदार होते. सालदाराचा मुलगा मात्र स्टाफरूममध्ये पहिल्यांदाच बसत होता. सगळे चहाच्या कपात बघायला लागले. मी मोठ्यानं "अरे वा!" म्हणालो. का म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही.

हजेरी घेण्याची त्यांची तऱ्हा सगळ्या शाळेत प्रसिद्ध होती. पाचवीतल्या पोरालाही पूर्ण नावानं पुकारायचे, नाव, वडलांचं नाव, आडनाव, आणि वर 'अहो'. "अहो मयूर विलास पाटील, आहात का?" मयूर विलास पाटील, वय वर्षं दहा, नाक पुसत उभे राहायचे. अर्धा तास हजेरीतच जायचा. आम्ही हसायचो. शिपायाला आम्ही 'ए पंढरी' म्हणून हाक मारायचो, तर सर 'पंढरीनाथराव'. त्याचा परिणाम असा झाला, की स्टाफरूममध्ये चहा आला की पहिला कप सरांना मिळायचा आणि मला थंड.

आता मूळ विषयाकडे येतो. नववीच्या इतिहासात त्या वर्षी अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीवर दीड पान होतं आणि त्यावर दोन मार्कांचा प्रश्न. त्या दीड पानाला सरांनी तीन आठवडे घेतले. मुख्याध्यापक म्हणाले, "सोनवणे सर, दोन मार्कांसाठी तीन आठवडे?" सर म्हणाले, "त्या लोकांना सुटायला दोन-अडीचशे वर्षं लागली. मी घाईच करतोय."

माझा वर्ग त्यांच्या शेजारी होता, त्यामुळे ते तीन आठवडे मी भिंतीपलीकडून ऐकले. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर अमेरिकेचा नकाशा काढला. चित्रकला बेताची, नकाशा बसलेल्या म्हशीसारखा झाला. मग पिशवीतून कापूस काढून प्रत्येक बाकावर मूठ मूठ ठेवला आणि म्हणाले, "यातली सरकी हातानं वेगळी करा. तास संपेपर्यंत." सगळी पोरं कापसाच्या आणि केळीच्या घरची, पण सलग पाऊण तास सरकी काढत कुणी कधी बसलं नव्हतं. बोटं दुखली, कुरकुर झाली. तास संपता संपता सर म्हणाले, "हे काम करणारं यंत्र निघालं तेव्हा लोकांना वाटलं, आता गुलामांचे हात मोकळे होतील. झालं उलटं. सरकी भराभर निघायला लागली, म्हणून कापूस जास्त लावला, आणि वेचायला आणखी माणसं विकत आणली." दुसऱ्या दिवशी शाळाभर कापूस उडत होता. माझ्या वहीवर पण येऊन बसला. मी तक्रार केली. लेखी.

एका तासाला त्यांनी सांगितलं, की तिकडे गुलामगिरीवरून लढाई पेटली, तिकडचा कापूस अडला, आणि इकडे खानदेशात कापसाला कधी नव्हता एवढा भाव आला. आपल्याकडच्या जुन्या दुमजली घरांमधली काही त्याच भावावर चढली. एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मग तेव्हा आपण कुणाच्या बाजूनं होतो?"

"आपण भावाच्या बाजूनं होतो, बेटा," सर म्हणाले.

पळून जाणाऱ्या गुलामांच्या त्या छुप्या वाटेचा तास मला सगळ्यात आवडला होता, हे त्यांना कधी सांगितलं नाही. त्या वाटेला तिकडे रेल्वेच म्हणत. आमच्या पोरांना रेल्वे समजवायला लागत नाही, भुसावळ जंक्शन हाकेवर, निम्म्यांचे मामा-काका रेल्वेत. सर म्हणाले, "गाडी नाही, पटरी नाही, डबा नाही. स्टेशन म्हणजे कुणाचं तरी घर. माणूस एका घरातून निघायचा, लपतछपत दुसऱ्या घरी पोचायचा. पकडला गेला तर मार, आणि ज्यानं लपवलं त्यालाही शिक्षा." मागून एक जण ओरडला, "सर, मग टीसी कोण?" सगळा वर्ग हसला. सर पण हसले. मग म्हणाले, "टीसी खूप होते. गावभर होते. दार उघडणारे कमी होते."

या सगळ्यानं माझ्या डोक्यात वारं शिरलं. जानेवारीत स्नेहसंमेलन होतं. मी नाटक लिहायला घेतलं: 'साखळ्या तोडा!' उद्गारचिन्हासकट. चार दिवसांत लिहून काढलं. त्यात एक क्रूर मालक, एक दयाळू पुढारी, पुढाऱ्याची तीन भाषणं आणि गुलामांचा घोळका. सरांना वाचायला दिलं. त्यांनी शांतपणे वाचलं आणि परत देताना विचारलं, "यात गुलामाला वाक्य किती?"

मी मोजून पाहिलं. एकच होतं. 'मालक, दया करा!'

सर म्हणाले, "तिकडेही असं व्हायचं. सुटून आलेल्या माणसाला सभेत उभं करायचे आणि सांगायचे, तू फक्त तुझ्यावर काय बेतलं ते सांग, विचार आम्ही सांगू. त्यातला एक जण ऐकेना. तो स्वतःच विचार सांगायला लागला. लोकांना ते जड गेलं."

मला हे फार मोलाचं वाटलं. मी लगेच पुढाऱ्याचं भाषण आणखी एका पानानं वाढवलं.

नाटकाला साखळी हवी होती. खरी, जड, आवाज करणारी. आमच्या गोठ्यात म्हशीची होती. ती घेऊन आमचा सुपडू गावातून शाळेपर्यंत चालत आला, खांद्यावर साखळी टाकून. सुपडू आमचा सालदार. मी कॉलेजात होतो तेव्हापासून आमच्याकडे. माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठा. माझ्या वडलांना, आबांना, तो 'आबा' म्हणतो, मला 'भाऊ' म्हणतो, आणि आम्ही सगळे, म्हणजे माझी तेव्हा नववीत असलेली मुलगी श्रुतीसुद्धा, त्याला सुपडू म्हणतो. मी मोटरसायकलवर आलो होतो. साखळी जड होती, गाडीला ओरखडे पडले असते.

वीज संध्याकाळी जायची म्हणून संमेलन भरदुपारी ठेवलेलं. मांडवात सगळं गाव. पुढाऱ्याचं काम मीच केलं, कारण एवढं भाषण पोराच्या पाठ होईना. शेवटचं वाक्य होतं: "आजपासून या भूमीवर कुणीही कुणाचा गुलाम नाही!" टाळ्या पडल्या. पडदा पडला. मी घामाघूम. अंगावर कोट, कोटाला लावलेला माइक. विंगेत सुपडू उकिडवा बसला होता, मोकळी झालेली साखळी उचलायची वाट बघत. मी ओरडलो, "ए सुपडू! उचल ती साखळी! बसून काय राहिला?"

माइक चालूच होता.

सगळ्या मांडवात, शाळेच्या गेटवर आणि बाजारपेठेपर्यंत माझा आवाज गेला. आणि कुणी हसलं नाही. हेच मला पुढे जाऊन सगळ्यात जास्त लागलं. लोकांना त्यात हसण्यासारखं काही वाटलंच नाही, कारण गड्याला असंच बोलतात. मुख्याध्यापकांनी मला हार घातला. सुपडूनं साखळी खांद्यावर टाकली आणि तो घराकडे चालायला लागला.

सर विंगेशी आले. मी वाट बघत होतो, आता काहीतरी बोलतील. ते माझ्या कोटाजवळ वाकले, माइकचं बटण दाबलं आणि म्हणाले, "बंद करत जा हो, चौधरीसर." एवढंच. तो आठवडा मी त्यांच्या समोरून जायचं टाळलं. मधल्या सुट्टीत वर्गातच डबा खाल्ला.

फेब्रुवारीत त्यांनी नववीला गृहपाठ दिला. 'आपल्या घरी किंवा शेतात जे काम करतात त्यांचं पूर्ण नाव, गाव, वय, आणि त्यांना स्वतःला जे सांगायचं आहे ते एक वाक्य.' श्रुती वही घेऊन माझ्याकडे आली.

"पप्पा, सुपडूचं पूर्ण नाव काय?"

"लिही ना, सुपडू."

"पूर्ण!"

मी आठवायला लागलो. मला पंचवीस वर्षांतल्या सगळ्या मुख्याध्यापकांची नावं येतात, समास येतात, वृत्तं येतात. सुपडूच्या बापाचं नाव येईना. ओसरीवर आबा बसले होते, त्यांना विचारलं. आबा म्हणाले, "सुपडू म्हंजे सुपडू. त्याले कशाले पायजे पूर्ण नाव?"

श्रुती गोठ्यात गेली. सुपडू कडबा तोडत होता. तिनं विचारल्यावर त्यानं हात धोतराला पुसले आणि साहेबापुढे उभं राहावं तसा उभा राहिला. "सुपडू नथू कोळी," तो म्हणाला. वय सत्तरच्या आसपास. गाव पहूर. मुलगी तिथंच दिलेली. आणि सांगायचं काय? "काही नाही ताई. बरं चालू हाये."

दोन दिवसांनी वही परत आली. बऱ्याच पोरांनी 'नाव: गडी', 'नाव: भांडेवाली मावशी' असं लिहिलेलं होतं म्हणे, त्या मानानं श्रुतीचं बरं होतं. पण शेवटच्या वाक्याखाली सरांनी लाल शाईनं लिहिलं होतं: 'हे वाक्य पूर्ण नाही. पुन्हा विचारा.' आणि त्याच दुपारी ते स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी येऊन बसले.

"तिला नाही सांगणार ते. तुम्ही विचारा."

"काय विचारू?"

"आता दोन महिन्यांवर आखाजी आली. साल संपेल. 'यंदा राहतो का' असं विचारतात ना तुमच्याकडे?"

मी हसलो. म्हणालो, "सुपडूला काय विचारायचं सर? तो आमच्या घरच्यासारखा आहे."

सरांनी खिशातलं बोंड काढून टेबलावर ठेवलं. त्यांना काही अवघड बोलायचं असलं की ते असं करत. "तिकडचे मालक हेच म्हणायचे. घरच्यासारखा. फरक आहे हो, फार फरक आहे, मी नाही म्हणत नाही. तुम्ही सुपडूंना विकत घेतलेलं नाही, ते गेले तर तुम्ही मागे कुत्री सोडणार नाही. म्हणून तर विचारणं सोपं आहे. विचारा की."

मी काहीतरी सबब सांगत होतो. तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याशी अहिराणीत बोलले. एरवी शाळेत त्यांची बोली फक्त पोरांवर चिडल्यावर बाहेर पडायची, "बठ्ठा चूप बसा", म्हणजे सगळे गप्प बसा, एवढीच. आता आवाज खाली होता. "मना बापले बी कोनी इचारं नही, चौधरीसर."

आणि मग सांगितलं. दर आखाजीला त्यांचे वडील सकाळी आंघोळ करायचे, केसांना तेल लावायचे, धुतलेला सदरा घालायचे आणि मालकाच्या फाटकाशी जाऊन उभे राहायचे. विचारलं तर काय बोलायचं, ते त्यांनी वर्षभर ठरवलेलं असायचं. मालक आतूनच ओरडायचा, "दौलत, गायी सोड." झालं. साल ठरलं. वडील सदरा काढून खुंटीला लावायचे आणि गायी सोडायचे. "एकोणीस वर्षं," सर म्हणाले. "काय बोलायचं ठरवलं होतं, ते आम्हाला घरातही कळलं नाही."

त्यांनी बोंड उचलून खिशात ठेवलं आणि पुढच्या तासाला निघून गेले.

आखाजीचा दिवस उजाडला. आमच्याकडे आखाजी म्हणजे दिवाळीच्या खालोखाल. बहिणी माहेरी आलेल्या, निंबाला झोका बांधलेला, खापरावर मांडे चाललेले, आमरसाचं पातेलं भरलेलं. मी सकाळपासून मनात वाक्य घोळवत होतो. 'सुपडू, यंदा राहायचं आहे का तुला?' शोकसभेची बारा मिनिटं मी तयारीशिवाय बोलतो, पण या सहा शब्दांना घाम फुटला होता. अंगणात आलो तर सुपडू फाटकाशी उभा होता. केसांना तेल लावलेलं. अंगात धुतलेला सदरा.

मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तो माझ्याकडे बघत होता.

"सुपडू," मी म्हणालो, "मोटर चालू केली का?"

"करतो भाऊ," तो म्हणाला, आणि केळीच्या बागेकडे गेला.

मे अखेर सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात भाषण अर्थातच मी केलं. धुळ्याला जाताना त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "गृहपाठ?" मी म्हणालो, "राहिला." ते म्हणाले, "वर्षभर वेळ आहे."

पुढच्या आखाजीला सकाळी साडेसातलाच त्यांचा फोन आला. सणाच्या शुभेच्छा, घरी कसे आहेत, पाऊस यंदा कसा वाटतो, असं सगळं बोलून झाल्यावर म्हणाले, "बरं, ठेवतो. आठवण करून द्यायला फोन केला होता."

फाटकाशी सुपडू उभा होताच. तेल लावलेले केस, तोच सदरा. आबा झोक्यावर बसले होते. मी एका दमात बोलून टाकलं, "ए सुपडू, यंदा राहायचं का तुला आमच्याकडे?"

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, तो म्हणेल, 'भाऊ, तुम्हाला सोडून मी कुठं जातो?' मग माझे डोळे भरून येतील. त्याची तयारी मी करून ठेवली होती.

सुपडूनं आधी आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "काय भलतंच इचारतो रे सणाच्या दिवशी?" सुपडू मान खाली घालून उभा. मग म्हणाला, "भाऊ, मले पोरीकडे जायाचं व्हतं. पहूरले. नातवंडं मोठी झाली. माह्यासंगं खेळायची व्हती ती आता कालेजात चालली."

"कधीपासून जायचंय?"

"झाले असतील सात-आठ वर्सं."

"मग बोलला का नाहीस?"

त्यानं विचार केला. मला फसवायचा किंवा टोमणा मारायचा त्याचा विचार नव्हता. त्याला खरंच उत्तर शोधायचं होतं. "कोनी इचारलं नाही ना, भाऊ," तो म्हणाला.

आबा माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. मी पण रागावलो होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं: ऐन उन्हाळ्यात केळीला पाणी कोण देणार? जे मी विचारलं त्याचं असलं उत्तर देतात का, असंही वाटलं. सुपडू मात्र तिसऱ्या दिवशी निघाला. हातात एक पिशवी, खांद्यावर घोंगडी. श्रुती फाटकापर्यंत गेली. तिनं काहीतरी विचारलं, त्यानं काहीतरी सांगितलं, आणि तिनं ते वहीत लिहून घेतलं. काय ते तिनं मला दाखवलं नाही. "ते सरांच्या गृहपाठाचं आहे," म्हणाली.

जुलैत मला पेपर तपासायच्या कामासाठी धुळ्याला जावं लागलं. शनिवारी काम आटपून मी सरांकडे गेलो, छाती फुगवून. बसल्या बसल्या सांगून टाकलं: विचारलं, तो गेला, आबा रागावले, मी डगमगलो नाही. शेवटचा भाग जरा वाढवून सांगितला. सर ऐकत होते. थकले होते, दम लागत होता, पण खिशात बोंड होतं.

"त्यांना सोडायला कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"एसटीनं गेला तो."

"फाटक्या घोंगडीसकट?"

घोंगडी फाटकी होती हे त्यांना कसं कळलं, हे मला कळेना. तेव्हा आमच्या दारात मोटरसायकल उभी होती, हे त्यांना मी सांगितलं नाही.

"आता कसे आहेत ते?"

"असेल बरा."

"म्हणजे तुम्ही गेला नाहीत." सरांनी चष्मा काढून पुसला. "उद्या रविवार आहे. चला, पहूरला जाऊन येऊ."

मी म्हटलं, तुमची तब्येत, पावसानं ओढ दिल्यामुळे जुलैतही उन्हाळ्यासारखी हवा, धुळ्याहून जळगाव, जळगावहून पहूर, दोन गाड्या बदलायच्या. ते पिशवी भरायला लागले होते.

पहूरला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. सुपडूच्या मुलीचं घर गावाच्या टोकाला, पत्र्याचं, पुढे शेड, शेडखाली बाज. आणि बाजेवर सुपडू बसला होता. नुसता बसला होता. मांडीवर शेजारचं एक लहान पोर झोपलेलं आणि तो त्याच्यावरच्या माशा हाकलत होता. इतक्या वर्षांत मी सुपडूला कधी असा निवांत बसलेला पाहिलाच नव्हता. मला क्षणभर तो ओळखूही आला नाही.

मला बघताच तो ताडकन उठला. पोर मुलीच्या हातात दिलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसला. "बसा भाऊ, बाजेवर बसा." मी उभाच. सोनवणे सरांनी चपला काढल्या आणि ते सुपडूशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. "मी हिलाल दौलत सोनवणे," त्यांनी सांगितलं. "मना बाप बी सालदार व्हता." सुपडूनं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि जरा सरकून जागा दिली.

आता मोकळी बाज, खाली दोन म्हातारे आणि मध्ये मी. मुलगी चहाचं तबक घेऊन दारात थबकली, कुणाला आधी द्यायचा या विचारात. माझ्या तोंडात जे नेहमी येतं ते येत होतं आणि मी ते गिळत होतो.

"आबा," मी म्हणालो, "तुम्ही वर बसा."

सुपडू दचकून उठला. त्यानं सदरा नीट केला, केसांवरून हात फिरवला आणि तो माझ्या पाठीमागे, रस्त्याकडे बघायला लागला.

"आबा आले का भाऊ?" तो म्हणाला. "कुठी हायेत? त्यांना उन्हात कशाले उभं केलं?"

तयारी केलेली नव्हती, तरी माझे डोळे भरून आले आणि ते फार वाईट दिसत असणार. सरांनी सुपडूचा हात धरून त्याला खाली बसवलं नाही, बाजेवर बसवलं. म्हणाले, "दुसरं कोणी नाही आलेलं. ते तुम्हालाच म्हणताहेत."

सुपडूला हसू आलं. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. बाजेच्या अगदी कडेला टेकून बसला, उठायला बरं पडेल असा. मी खाली बसलो. माझे गुडघे वाजले ते सगळ्यांनी ऐकलं. पहिला कप सुपडूआबांना मिळाला. मला थंड चहा प्यायची सवय होती.

दुपारी सर जळगावच्या गाडीत बसले. मला जामनेरवरून भुसावळला जायचं होतं, माझी गाडी मागून येणार होती. पहूरच्या स्टँडवर ऊन रणरणत होतं. सरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून मला जवळ बोलावलं.

"चौधरीसर, आज माइक नव्हता."

"नव्हता सर."

"तरी बोललात," ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे हसले.

कंडक्टरनं घंटी दिली. बस जळगावच्या रस्त्याला वळेपर्यंत खिडकीतून त्यांचा हात दिसत होता. गृहपाठाला किती मार्क दिले, ते विचारायचं राहून गेलं.